रात्रीच्या दोन गोळ्या

१

सुशीलाबाई पानसे सोमवारी गेल्या आणि बुधवारी ‘कृतार्थ’ वृद्धाश्रमाचा वर्धापनदिन ठरल्या मुहूर्तावर साजरा झाला. अक्षय्य तृतीया होती ना. मांडव घातलेला, पाहुणे बोलावलेले, आमरस करून ठेवलेला. तेव्हा आधी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली आणि मग आमरस-पुरी. आश्रमातल्या म्हाताऱ्या माणसांना घास उतरला नाही. व्यवस्थापनाने मात्र दोन-दोन वाट्या ओरपल्या.

बाई एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या. सगळा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला. साखरेचा आजार जुना, पण पथ्यपाणी चोख, त्यामुळे ताब्यात होता. सोमवारी पहाटे त्या अंथरुणात घामाने भिजलेल्या आणि बेशुद्ध सापडल्या. इस्पितळात नेलं तेव्हा रक्तातली साखर अठ्ठावीस होती. दुपारच्या आत सगळं आटोपलं.

साखर इतकी उतरली कशी, हे शोधायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. बाईंना साखरेच्या गोळ्या सकाळी दोन, दुपारी एक, रात्री एक अशा होत्या. रविवारी पोट बिघडलं म्हणून संध्याकाळी त्या नुसत्या ताकावर राहिल्या आणि वर रात्री त्यांना एकाऐवजी दोन गोळ्या गेल्या. दिल्या रात्रपाळीच्या गोदाबाई लोंढे यांनी. हे कुणी पकडलं नाही, त्यांनी स्वतःच सांगितलं.

का दिल्या, असं विचारल्यावर गोदाबाई म्हणाल्या की टॅबवर दोन होत्या. ‘कृतार्थ’मधले औषधांचे कागद गुढीपाडव्यापासून बंद झाले होते. कुणाला कोणती गोळी किती, ते हातातल्या टॅबवर दिसायचं आणि गोळी दिली की बोटाने खूण करायची. सोमवारी दुपारी सगळ्यांच्या देखत तो टॅब उघडला. सुशीला पानसे, साखरेची गोळी, २-१-१. म्हणजे रात्री एक.

बाईंचा भाचा शौनक तिथेच उभा होता. तो सरळ जाऊन पोलिसांत तक्रार देऊन आला.

२

शनिवारी सकाळी गोदाबाई सदाशिव पेठेत दिगंबर आठल्यांच्या दारात उभ्या राहिल्या. आठल्ये सत्तर वर्षांचे, पिंपरीच्या एका कारखान्याच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले. त्यांची बायको शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि ती दोन वर्षं गोदाबाईंनी काढली होती. आठल्ये कुणाचे उपकार मानण्यातले नव्हते. हे एवढे मानत.

आठल्यांना दुसऱ्याच्या चुका शोधायचा रोगच होता. सोसायटीच्या मतदार यादीत मेलेली माणसं त्यांनी शोधली होती, लग्नपत्रिकेतला चुकीचा वार त्यांनी नवऱ्या मुलाच्या बापाला फोन करून सांगितला होता. अशा माणसाला कुणी जेवायला बोलावत नाही, पण अडलं की सगळे त्याच्याकडेच जातात.

गोदाबाईंना सोमवारी पोलिसांत जबाबाला बोलावलं होतं. लोणीत त्यांचं घर, पदरात दोन नाती. गावात बातमी फिरली होती की गोदीने म्हातारीला मारलं. थोरल्या नातीला शाळेत कुणीतरी तेच ऐकवलं आणि ती शाळेत जाईनाशी झाली. नोकरी तर गेलीच होती. आठल्ये चहा करायला उठले, तर त्या नको म्हणाल्या आणि भिंतीशी बसून राहिल्या.

“टॅबवर दोन हाय म्हून दोन दिल्या,” त्या म्हणाल्या. “माज्या मनानं म्या कदी कुनाला अर्दी गोळी जास्ती दिली न्हाई, दादा.”

आठल्यांनी त्यांना धीरबीर दिला नाही. त्यांनी एकच गोष्ट विचारली: टॅब आल्यापासून रात्रीच्या गोळ्यांत आणखी कुणाकुणाचं बदललं? गोदाबाईंनी डोळे मिटले आणि एकेक खाट बोटावर मोजायला घेतली. बेचाळीस खाटा मोजून झाल्या. बदल तिघांचा होता. सुशीलाबाईंची एकाची दोन झाली. महिपती शितोळे आणि साईनाथ कोतवाल या दोघांना लघवी होण्याची गोळी असायची, ती पूर्वी रात्री कधीच नसे, पाडव्यापासून रात्री यायला लागली. महिपती तर पाडव्यानंतर बाराव्या दिवशी रात्री मोरीकडे जाताना पडले आणि खुबा मोडून घेतला. आठ दिवसांनी इस्पितळातून परत आले तेव्हा त्यांची रात्रीची गोळी टॅबवरून गेलेली होती. कोतवालांची मात्र बाई वारल्या त्याच्या आदल्या रात्रीपर्यंत चालू होती.

शेवटचं वाक्य आठल्यांनी दोनदा वदवून घेतलं आणि लिहून ठेवलं. मग म्हणाले, या तिघांचं तुमच्याशी काही वाकडं होतं का.

 गोदाबाई म्हणाल्या, होतं. त्या तिघांनीही त्यांच्याविरुद्ध लेखी तक्रार केली होती, आणि ते कागद पोलिसांकडे पोचले होते.

३

स्वारगेटहून पीएमटीची बस पकडून आठल्ये दुपारी ‘कृतार्थ’ला पोचले. सोलापूर रस्त्यावर लोणीच्या थोडं पुढे ही इमारत. दारात पाऊल टाकलं की फुलांच्या खोट्या वासाचा फवारा नाकात जायचा आणि त्याखालून खरा वास यायचा. भिंतीवर वर्धापनदिनाचे फोटो लागलेसुद्धा होते. त्यात एका फोटोत सुशीलाबाईंच्या तसबिरीला हार होता आणि तिच्या बाजूच्या टेबलावर आमरसाचं पातेलं.  

संचालक विक्रम बर्वे चाळिशीतला, इस्त्रीतला माणूस. प्रत्येक म्हाताऱ्याला आजोबा आणि प्रत्येक म्हातारीला आजी म्हणायचा आणि नाव एकाचंही लक्षात नसायचं. आठल्ये गोदाबाईंकडून आलेत म्हटल्यावर त्याने मान तिरकी करून दुःखी चेहरा केला. गोदाबाई चांगल्या होत्या, पण शिकलेल्या नाहीत, वय झालं, टॅब झेपला नाही, असं सगळं साजूक तुपात घोळवून बोलला. त्याने तीन तक्रारी दाखवल्या. आठल्यांनी तक्रारवही मागितली. ती चाळल्यावर कळलं की बेचाळीस माणसांनी वर्षभरात एकशे सत्तर तक्रारी लिहिल्या होत्या. वरणात मीठ कमी, भजन बेसूर, पंखा जोरात, पंखा हळू. गोदाबाईंविरुद्ध सव्वीस जणांनी लिहिलं होतं. महिपतीने तर एकदा पांडुरंगाविरुद्ध तक्रार लिहवून खाली अंगठा उठवला होता. या सव्वीसांतून नेमके तीन कागद काढून पोलिसांकडे पाठवायला निवडक बुद्धी लागते, हे आठल्यांनी मनात टिपून ठेवलं.

“बाईंच्या आधी औषधांबद्दल कुणी काही बोललं होतं का?” त्यांनी विचारलं.

“एकही नाही, काका. सोमवारी पहिल्यांदाच कळलं आम्हाला,” विक्रम म्हणाला. “आमच्याकडे सगळं ट्रान्स्परंट आहे.”

मग नर्स सलोनी. चोवीस वर्षांची, वर्ध्याकडची, कामाला चोख, आणि त्या दिवशी भेदरलेली. डॉक्टर कागदावर लिहून देतात, ती तेच आकडे ऑफिसच्या संगणकात एका तक्त्यात भरते आणि तिथून ते आपोआप टॅबवर जातात, असं तिने सांगितलं. भरताना काही चुकलं का, तर नाही, दोनदा ताडून बघते. आठल्यांनी संगणक बघायला मागितला, तर त्याच्या कपाटाची चावी विक्रमसरांकडे होती आणि सर नुकतेच बाहेर पडले होते. डॉक्टरांचे मूळ कागद मात्र तिच्या कपाटात होते. आठल्यांनी बेचाळीसही माणसांच्या गोळ्यांचे आकडे वहीत उतरवून घेतले. सलोनी दारापर्यंत सोडायला आली. तिला काहीतरी सांगायचं होतं, पण तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली.

महिपती शितोळे पाय उशीवर टेकवून पडले होते. त्यांना बोलायला कुणी लागतच नव्हतं. पाडव्यापासून सकाळची गोळी बंद झाली आणि रात्रीची सुरू झाली, रात्रभर मोरीला खेपा, म्हणूनच पडलो, असं ते इस्पितळातून आल्या आल्या विक्रमच्या तोंडावर बोलले होते.

“चांगला बोंबललो,” महिपती म्हणाले. “त्यानं ऐकलं आन् फोन लावला कुनाला तरी. म्या म्होरंच हुतो, भैरा न्हाई.”

म्हणजे विक्रमला दहा दिवस आधीच कळलं होतं.

४

परतीच्या बसमधून आठल्यांनी तेजसला फोन लावला. हा विक्रमचा मावसभाऊ, बाणेरला एका कंपनीत नोकरीला, औषधांचं ॲप त्याने बनवलेलं. ॲप आधी ‘कृतार्थ’मध्ये चालवायचं आणि मग बाकीच्या वृद्धाश्रमांच्या गळ्यात मारायचं, असा दोघा भावांचा बेत होता. वर्धापनदिनाचे पाहुणे त्याचसाठी होते.

“काका, ॲपमध्ये बग नाहीये. युजर एरर आहे, सिंपल,” तेजस म्हणाला आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. शनिवारी कसली मीटिंग.

घरी येऊन आठल्यांनी खिडकीशी टेबल ओढलं, वहीचं नवीन पान उघडलं, सवयीप्रमाणे वर कोपऱ्यात तारीख घातली, ३-५-२५, आणि खाली बेचाळीस जणांच्या गोळ्या पुन्हा स्वच्छ लिहायला घेतल्या.

तिघांचं काय झालं हे त्यांना आता दिसत होतं. सुशीलाबाईंचं २-१-१ होतं, ते १-१-२ झालं. महिपती आणि कोतवालांचं १-१-० होतं, ते ०-१-१ झालं. आकडे उलटे झाले होते, सकाळचं रात्री आणि रात्रीचं सकाळी. ठीक. पण मग सगळ्यांचेच उलटायला हवे होते. अकरा जणांना रक्तदाबाची गोळी १-०-० होती. ती उलटली असती तर गोदाबाईंना रात्री अकरा जास्तीच्या गोळ्या वाटाव्या लागल्या असत्या आणि त्या बोटावर मोजताना सुटल्या नसत्या. गोरे आजींचं २-०-१ होतं, तेही जागच्या जागी राहिलं. कुणी मुद्दाम वाईटावर उठलं असतं, तर त्याने हे सोपे बारा सोडून नेमके तीन का धरले असते? आणि गोदाबाईंना डूख धरायचाच असता, तर सव्वीस जण मोकळेच होते.

आठल्यांनी सगळे १-०-१ एका बाजूला काढले. पाच जणांचं १-१-१ होतं. या दोन्हींना उलटंसुलटं काही नसतं, त्यामुळे त्यांच्याकडून काही कळणार नव्हतं. उरलेल्यांत जे उलटले ते आणि जे नाही उलटले ते, असे दोन रकाने पाडले आणि बघत बसले.

न उलटलेल्या प्रत्येकाच्या मधोमध शून्य होतं. उलटलेल्या तिघांत मधे शून्य कुणाच्याच नव्हतं.

दुपारची गोळी नसणाऱ्याला जो सोडतो आणि असणाऱ्याला धरतो असा कसला हा चोर? आठल्ये उठले, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, परत बसले. आणि त्यांची नजर पानाच्या कोपऱ्यावर गेली. तिथे त्यांनीच थोड्या वेळापूर्वी लिहिलं होतं, ३-५-२५. खाली ओळीने २-१-१, १-१-०, १-१-१.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तोंडातल्या तोंडात अशी एक शिवी घातली की ती सदाशिव पेठेत सहसा ऐकू येत नाही. मग त्यांनी शौनकला फोन केला. उद्या दुपारी ‘कृतार्थ’ला या, तुमच्या मावशीला कुणी मारलं ते दाखवतो, एवढंच सांगितलं.

५

रविवारी दुपारी विक्रमच्या ऑफिसात सगळे जमले. शौनक हाताची घडी घालून उभा. तेजसला विक्रमनेच बोलावून घेतलं होतं, आणि तो फोनमध्ये डोकं घालून बसला होता. सलोनी दाराशी. महिपतींनी चाकाच्या खुर्चीतून स्वतःला ढकलवून आणलं होतं, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. गोदाबाई कोपऱ्यात उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

आठल्यांनी सलोनीला संगणक सुरू करायला सांगितलं. विक्रम काहीतरी पुटपुटला, पण शौनककडे बघून त्याने चावी दिली. सलोनीने तक्ता उघडला. आठल्ये म्हणाले, खाली एखाद्या रिकाम्या चौकटीत सुशीलाबाईंची गोळी भर, पाडव्याआधी भरलीस तशीच. सलोनीने दोन, आडवी रेघ, एक, आडवी रेघ, एक असं टाइप केलं आणि बटण दाबलं.

चौकटीत उमटलं ०२-०१-२००१.

“दोन जानेवारी, दोन हजार एक,” आठल्ये शौनकला म्हणाले. “तुमच्या मावशीच्या गोळ्यांची या यंत्राने तारीख करून टाकली. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की या गोळ्या आहेत.”

मग त्यांनी सलोनीला २-०-१ भरायला लावलं. ते तसंच राहिलं. शून्य नावाचा महिना नसतो, म्हणून मधे शून्य असलं की त्याची तारीख होत नाही आणि यंत्र मुकाट्याने आहे ते ठेवतं. बाकीच्यांचा त्यात बळी जात होता. आठल्ये एरवी फार बोलत नसत, पण आता त्यांना राहवेना. ते कारखान्यात असताना यंत्राला आधी बजावून सांगावं लागे की हा रकाना आकड्यांचा, हा अक्षरांचा, हा तारखेचा. त्यात भलतं काही घातलं की यंत्र काम थांबवून तोंडावर सांगायचं की हे चालणार नाही. तेव्हा लोक त्याला कटकट्या म्हणायचे, रेशन दुकानातल्या कारकुनासारखं आडमुठं म्हणायचे. मग कटकट नको म्हणून अशी यंत्रं आली की जी काहीही घ्या म्हटलं की घेतात, स्वतःच अंदाज बांधतात आणि हू की चू न करता पुढे ढकलतात. ही सोय कुणाची, तर काम करणाऱ्याची. गोळी गिळणाऱ्याची नव्हे.

“पण टॅबवर तारीख नव्हती,” शौनक म्हणाला. “दोन-एक-एक असंच होतं. मी पाहिलंय.”

“ते तेजसराव सांगतील.”

तेजसने फोन खाली ठेवला. त्याचा तोरा उतरला होता. पाडव्याच्या आधी चाचणी घेतली तेव्हा टॅबवर १-१-१ च्या जागी २००१-०१-०१ असं यायला लागलं, हे त्याने कबूल केलं. तक्त्यातून बाहेर पडताना तारीख उलटी लिहिली जाते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. मुळात जाऊन रकान्याचा प्रकार ठरवायला हवा होता. त्याऐवजी त्याने ॲपमध्ये दोन ओळी घातल्या: पुढचं दोनशे आणि मधली शून्यं उडवून टाक. २००१-०१-०१ चं झालं १-१-१. दिसायला बरोबर. पाचही माणसांचं बरोबर आलं आणि त्याने काम झालं म्हणून कळवून टाकलं.

“आणि २००१-०१-०२ चं?” आठल्यांनी विचारलं.

“एक-एक-दोन,” तेजस म्हणाला. ते त्याने खाली बघत सांगितलं.

आठल्यांना संतापापेक्षा किळस जास्त आली. उष्टं ताट पदराने पुसून पुढच्या पंगतीला मांडावं तसं काम होतं ते. घाण दिसली आणि ती का आली हे बघण्याऐवजी वरून पुसली. शौनक पुढे सरकला तेव्हा वाटलं की तो तेजसची गचांडी धरणार. आठल्यांनी त्याला हातानेच थांबवलं.

“हा गाढव आहे,” ते म्हणाले. “पण तुमच्या मावशी गाढवपणाने गेल्या नाहीत. अजून एक माणूस आहे.”

६

सोमवारी टॅबवर २-१-१ दिसलं, याचा अर्थ बाई बेशुद्ध सापडल्यापासून दुपारपर्यंतच्या मधे कुणीतरी ते दुरुस्त केलं होतं. आठल्यांनी सलोनीला सुशीलाबाईंच्या ओळीवर जायला सांगितलं. आकड्यांच्या आधी एक बारकी खूण टाकलेली होती. ती टाकली की यंत्र अंदाज बांधायचं थांबतं. तीच खूण कोतवालांच्या आणि महिपतींच्या ओळीत होती. १-१-१ वाल्या पाचांच्या ओळीत मात्र आजही एक जानेवारी तशीच बसलेली होती. सगळ्यांची नव्हे, फक्त ज्यांची चूक उघडी पडली असती त्यांचीच ओळ झाकली होती.

आणि तीही एकाच दिवशी नव्हे. महिपतींची रात्रीची गोळी ते परत आले त्या दिवशी, अठरा तारखेला टॅबवरून गेली. बाकी दोघांची अठ्ठावीसला, बाई गेल्या त्या सोमवारी. यंत्र बिघडलं होतं आणि ते दुरुस्त केलं, असं म्हणावं तर सगळे एकदम बरे व्हायला हवेत. इथे अठरा तारखेला कुणालातरी चूक कळली, त्याने बोंबलणाऱ्या म्हाताऱ्यापुरती ती मिटवली आणि न बोंबलणाऱ्यांची दहा दिवस चालू दिली.

“अठरा तारखेला माझ्याकडे कुणीही—” विक्रमने सुरुवात केली.

“म्या बोललो की तुज्याशी,” महिपती खुर्चीतून म्हणाले. “तुज्या ह्याच टेबलाशी.”

सलोनी दाराशी रडायला लागली. महिपतींची चूक तिने त्या दिवशी डॉक्टरांचा कागद काढून सरांना दाखवली होती. सर म्हणाले होते, तेजस बघेल, तू कुठे बोलू नकोस, तुझं नाव येईल. तेजसने मान वर केली. विक्रमकडे एकदाही न बघता त्याने फोनमधला अठरा तारखेचा मेसेज उघडला आणि शौनकच्या हातात दिला. शौनकने तो मोठ्याने वाचला. तेजसने लिहिलं होतं की अख्खा कॉलम चेक करावा लागेल, तोपर्यंत टॅब बंद ठेवून कागदावर चालवा. खाली विक्रमचं उत्तर होतं.

“वर्धापनदिनाआधी टॅब बंद नको. डेमो आहे. आता फक्त त्या म्हाताऱ्याचं कर.”

बाई गेल्या त्या सकाळी बाकीच्या दोन ओळीही विक्रमनेच झाकायला लावल्या, हे तेजसने आपणहून सांगून टाकलं. विक्रमने रुमाल काढून कपाळ पुसलं आणि म्हणाला की हा एक दुर्दैवी योगायोग आहे, संस्थेचं नाव खराब होईल, बेचाळीस आजी-आजोबांचा विचार करायला हवा. आठल्ये आयुष्यात बऱ्याच जणांना तोंडावर बोलले होते, पण या माणसाशी बोलायला तोंड उघडलं तर त्याच्या फुलांच्या फवाऱ्याचा वास आत जाईल असं त्यांना वाटलं. त्यांनी नुसती वही मिटली. बेचाळीस नव्हे, एक्केचाळीस राहिलेत, एवढं मात्र महिपतींनी त्याला ऐकवलं.

शौनकने मेसेजचा फोटो काढून घेतला आणि उद्या गोदाबाईंच्या आधी मीच पोलिसांत जातो, तक्रार बदलून देतो, असं म्हणाला. ते ऐकल्याबरोबर विक्रम वळला. इतक्या वेळात त्याने पहिल्यांदाच कोपऱ्याकडे बघितलं. गोदाबाई, गैरसमज झाला, उद्यापासून कामावर या, तुमच्यासारखं माणूस आम्हाला मिळायचं नाही, असं तो तोंड भरून म्हणाला.

गोदाबाईंनी त्याच्याकडे पाठ केली. शौनक त्यांच्यापाशी गेला आणि हात जोडून उभा राहिला. मग त्याच्या मनात आठवडाभर सलत होतं ते त्याने विचारून टाकलं. त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. चार वर्षं तुम्ही मावशीला रात्री एक गोळी देत होतात, तुम्हाला तर माहीत होतं, मग दोन दिसल्यावर विचारलं कसं नाही?

“इचारलं,” गोदाबाई म्हणाल्या. “पाडव्याला रातीच सायबास्नी फोन लावला. ते म्हनले, टॅबवर हाय त्येच द्यायचं, सोताचं डोकं चालवायचं न्हाई. दुसऱ्या दिशी तसं लिवलेल्या कागदावर आमा समद्यांच्या सह्या घेतल्या.”

विक्रमने मधे बोलायचा प्रयत्न केला, पण आठल्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो थांबला.

“बाईंनी बी इचारलं मला. गोदे, दोन का गं? म्या टॅब दाखवला. चष्मा लावून बगितलं त्यांनी. म्हनल्या, डॉक्टरांनी वाढवली आसंल, आन् गिळल्या. त्यांचा माज्यावर इस्वास हुता, टॅबवर न्हवं.” त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पुन्हा काढला. “एकच हाय हे म्हाईत हुतं मला. तीस राती म्हाईत हुतं. डोकं चालवायचं न्हाई म्हून सही केली हुती, ते म्या न्हाई चालवलं.”

आठल्यांनी त्यांची पिशवी उचलली. गोदाबाई आधी निघाल्या, आणि आठल्ये त्यांच्या मागून बसथांब्याकडे चालू लागले.